बापदेवाचा डावा कौल

अल्पेश अंगणात येऊन उभा राहिला तेव्हा गोजरबाई ओटीवर पाय पसरून सुकट निवडत बसली होती. टेम्पो त्याने रस्त्यातच सोडला होता, दार सताड उघडं, इंजिन चालू. नातवाचं तोंड बघून तिला वाटलं, हा कुणाला तरी ठोकून आला.

"काय रं? कोनाला उडवलास?"

"आजी, रविनाला पान लागलं."

पान लागलं म्हणजे साप चावला. सापाचं नाव घेतलं तर तो आपल्यालाच बोलावणं समजून घरी येतो, म्हणून डोंगरातली माणसं असं आडून बोलतात. अल्पेश अंबरनाथच्या शाळेत शिकलेला, दिवसभर उल्हासनगरच्या सिंधी सेठांशी हिंदीत हुज्जत घालणारा. हा शब्द त्याला रविनाकडूनच मिळालेला. तो त्याच्या तोंडून ऐकला आणि गोजरबाईच्या चिमटीतली सुकट चिमटीतच राहिली.

"कुठं?"

"भट्टीवर. खोपीत खालीच झोपली होती. गाडी मिलेपर्यंत..." त्याने हात उचलला आणि तो हात कुठे ठेवायचा तेच त्याला कळेना. "गेली."

गोजरबाईच्या जिभेला हाड नाही हे सगळ्या गावाला माहीत होतं. ती जीभ कधी कुणासाठी थांबली नव्हती, आताही थांबली नाही.

"नशीब तिचं," ती म्हणाली. "सटवीनं कपालावर लिवलेलं कोनाला चुकलंय?"

अल्पेशने तिच्याकडे बघितलं. पोर रडलं नाही, ओरडलं नाही. "सटवीनं?" एवढंच म्हणाला. मग परत रस्त्यावर गेला, टेम्पोचं इंजिन बंद केलं आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला.

गोजरबाई सुकट निवडत राहिली. बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं, निवडलेली सुकट आणि कचरा दोन्ही ती एकाच सुपात टाकत होती.

गोजरबाई दुसरी नापास. पण अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधल्या त्या गावात तिच्या शब्दाशिवाय कुणाच्या दारी मांडव चढत नसे. नवरा जनू गेला, सून गेली ती दोन पोरं हिच्या पदरात टाकून, शेतं गेली आणि त्यांच्या जागी बिल्डिंगी उगवल्या. गोजरबाई होती तिथेच होती. अल्पेश आणि त्याची धाकटी बहीण रिद्धी, दोघांना तिनेच वाढवलं. मुलगा धर्मेश हा पोरांचा बाप, पण घरात आवाज आईचा, धर्मेशचा नुसता खोकला. अल्पेशच्या पाचवीला सटवीसाठी पाटावर कोरा कागद आणि पेन तिनेच ठेवलं होतं, आणि वर देवीलाच दम भरला होता, "नीट लिव गो बाय. पोर माझा हाय."

अशा घरात गेल्या दसऱ्यानंतर अल्पेशने सांगितलं की त्याला बारवी धरणाकडच्या डोंगरातली पोरगी करायची आहे.

रविना उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला बसायची. अल्पेशचा टेम्पो तिथूनच पँटींचे गठ्ठे उचलायचा. नव्या कापडाचा रंग सुटून तिची बोटं निळी झालेली असायची. पहिल्यांदा त्याने विचारलं होतं, "ये क्या, शाई सांडली काय?" ती म्हणाली होती, "शाई नाय, सेठची मेंदी." तिथेच पोरगा भुलला.

"डोंगरची?" गोजरबाईने विचारलं तेव्हा तिच्या हातात उलथनं होतं. "यांच्या आज्या आपल्या दारात लाकडाच्या मोल्या विकायला यायच्या. वलचनीला बसून भाकर खायच्या."

"आपल्याच घरची भाकर ना? मग पोटात जात वेगली होती काय तिची?"

"तोंड बघा याचा! सेठच्या दुकानात राहून बोलायची दुकानदारी शिकला."

"मी लगीन करनार तर तिच्याशीच."

घरात भांडी आपटली, जेवणं थंड झाली. धर्मेश खोकला. शेवटी गोजरबाईने शहाण्या म्हातारीची खेळी केली. "मी कोन नाय म्हननारी?" ती म्हणाली. "बापदेवाला विचारू. उजवा दिला तर मी माझ्या हातानं हलद लावीन. डावा दिला तर त्या पोरीचा नाव या घरात काढायचा नाय."

अल्पेशला वाटलं आजी नरमली. रविना तर खूशच झाली. बापदेव काही एका गावाचा नव्हता. डोंगरातली माणसंही नवा भात त्याला दाखवल्याशिवाय तोंडात घालत नसत. रविनाची आई येसू म्हणाली, "देवानं हो म्हटलं तर मोठ्या घरचं पन काय चालत नाय."

बापदेव म्हणजे शेंदूर लावलेला कमरेएवढा दगड. कौल मागायचा तर ओल्या पाकळ्या त्याच्या दोन्ही खांद्यांना चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि बसून राहायचं. उजवीकडची आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाय. पूर्वी देव कुडाच्या खोपटात होता. कौल लावला की जुनी माणसं खोपटाचं दार ओढून घ्यायची आणि बाहेर बसायची. आता देऊळ नवं होतं, टाइल्सचं, पुढे स्टीलची जाळी. दार नव्हतंच, तर ओढणार काय? आणि पूर्वी ते का ओढायचे, हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

देवळातला उभा पंखा गोजरबाईच्या घरचा. दांड्यावर जनूचं नाव रंगवलेलं. ती देवाच्या डाव्या हाताला, अगदी खांद्याला लागून बसायची. तो तिचा मान होता, नव्या देवळाची जमीन तिच्या सासऱ्याची म्हणून. पहिल्याच दिवशी तिने पुजारी बुधाजीला सुनावलं होतं, "आमच्या माणसाच्या नावाचा पंखा, त्याचा वारा मना लागला पायजे. मान इकडं फिरव त्याची!" बुधाजीने मान फिरवून खटका इतका आवळला की खटकाच तुटला. तेव्हापासून पंखा त्या एकाच जागेकडे बघत होता. दुसरी कुणी बाई कौल मागायला आली की तीही त्याच जागी बसायची. गोजरबाईची जागा म्हटल्यावर मिळाली तर कोण सोडतो?

कौलाच्या दिवशी दसऱ्यानंतरचं ऊन होतं, अंगाला चटके देणारं. एका बाजूला धर्मेश आणि अल्पेश, जाळीपाशी येसू, तिच्या मागे रविना. रविनाने निळी बोटं पदराखाली लपवली होती. बुधाजीने पाकळ्या लावल्या. "बापा, या दोन पोरांचं जुळवावं का?"

पंखा गरगरत होता. गोजरबाईचा पदर फडफडायला लागला तसा तिने तो दातांखाली धरला. देवाच्या डाव्या खांद्यावरची पाकळी थरथरतच होती. मग कड सुटली. मग ती पडली.

"डावा," बुधाजी म्हणाला.

जाळीपाशी येसूने हात जोडले. देवाकडे बघत रविना उलट्या पावलांनी बाहेर गेली, देवाला पाठ दाखवायची नाही म्हणून. आणि गोजरबाईला, खोटं कशाला, पोटात थंड वाटलं. बापदेव आपल्या बाजूचा निघाला.

पुढचं सगळं भराभर झालं. कारखान्यातून येसूने पोरीला काढलं. सखा नावाच्या एका मुलाशी लग्न लावून दिलं. मुलगा वाईट नव्हता, गरीब होता. लग्नाचा हिरवा चुडा हातात असतानाच दोघं वीटभट्टीवर कामाला गेली. भट्टीवर पाल्याची खोप, खोपीत जमीन, आणि जमिनीवर रविना.

आणि आता पान लागलं.

गावात बातमी पसरली तशी बायका गोजरबाईच्या ओटीवर आल्या. तिने सगळ्यांना तेच सांगितलं, "बापदेवानं आधीच नाय म्हटलं होतं. त्याला दिसलं होतं. माझ्या घरात आली असती तर मरन घेऊन आली असती." बायकांनी माना डोलावल्या. देवाचं किती खरं! नातवाचं लग्न झालं असतं तर केवढा अनर्थ झाला असता! बोलता बोलता गोजरबाईला स्वतःचंच बोलणं पटत गेलं.

फक्त अल्पेशला पटेना. तो भांडत नव्हता, तेच वाईट. भांडला असता तर तिने चार शब्दांत त्याला सरळ केला असता. तो सकाळी जायचा, संध्याकाळी यायचा, ताटावर बसायचा आणि तिने वाढलेलं बाजूला सारून उठायचा. ज्या पोराला तिने घास चावून भरवला होता तो तिच्या हातचं खाईना. ती म्हणायची, "नशिबाशी भांडून काय मिलनार हाय तुना?" तो म्हणायचा, "काय नाय आजी." या 'काय नाय'ची तिला धास्ती बसली. आपल्या घरात कुणी आपल्याला घाबरत नाही हे ती सोसू शकली असती. कुणी आपलं बोलणं ऐकतच नाही, हे कसं सोसायचं?

चैत्रात रिद्धीचं स्थळ आलं. कल्याणजवळच्या गावातलं, एकुलता मुलगा, दारात डंपर उभे, आणि मुख्य म्हणजे सासूचं तोंड गोजरबाईच्या निम्मं. असं स्थळ सोडायचं नसतं. गोजरबाईने मनात मांडव घालून टाकला आणि रीत म्हणून कौल मागायला देवळात गेली. जाताना पेढे घेऊन गेली. देव होय म्हणणार यात तिला शंका नव्हती. धर्मेश सोबत होता. अल्पेशने दोघांना टेम्पोतून सोडलं आणि तो बाहेरच बसून राहिला.

"बापा, रिद्धीला या घरी द्यावी का?"

पंखा गरगरला. ऊन बाहेर पांढरं झालं होतं. गोजरबाई आपल्या जागी बसली, हातात पेढ्यांचा पुडा. डाव्या खांद्यावरची पाकळी हलली, सुटली, पडली.

"डावा," बुधाजी म्हणाला आणि त्याने मान खाली घातली.

"काय?" गोजरबाई अशी ओरडली की जाळीवरचा कावळा उडाला. "डोलं उघडून बघ! असा कसा डावा?"

"काकी, रागावू नका. पन देव हल्ली कोनालाच होय म्हनत नाय." बुधाजी हळूच बोलत होता, जणू देवाने ऐकलं तर त्याची नोकरी जाईल. "हिरामणानं दुकानाचं विचारलं, डावा. चिमीनं पोराला दुबईला धाडू का विचारलं, डावा. त्या पोराचं तिकीट रद्द केलं त्यांनी. गावात बोलतात देव रुसलाय. सगल्यांनी मिलून बोकड द्यायचा विचार चाललाय."

"कवापासून रुसलाय?"

"नव्या देवलात आल्यापासूनच म्हना ना."

गोजरबाई तोंड उघडायला गेली आणि तिला कळलं की तोंडात पदर आहे. वाऱ्याने उडायला लागला तसा तिने तो नकळत दातांखाली धरला होता. कापडाची ती घामट, खारट चव. हीच चव तिच्या तोंडात तेव्हाही होती. दसऱ्यानंतरच्या त्या दिवशी, पाकळी थरथरत होती तेव्हा.

तिने पंख्याकडे बघितलं. मग आपल्या पदराकडे. मग देवाच्या डाव्या खांद्याकडे, जो तिच्या खांद्यापासून हातभरही लांब नव्हता.

"पंखा बंद कर," ती म्हणाली.

"काकी, एवढं गरम होतंय..."

"बंद कर म्हनते ना!"

पाती मंदावली, दिसायला लागली, थांबली. दांड्यावर रंगवलेलं जनूचं नाव तिच्यासमोर होतं. तिला वाचता येत नव्हतं, पण कुठलं नाव आहे ते माहीत होतं. तिचा पदर मांडीवर पडला तो पडलाच. देवळात माशी फिरल्याचा आवाज यायला लागला.

"आता परत लाव पाकल्या."

"तोच प्रश्न परत इचारलेला देवाला चालत नाय, काकी."

"प्रश्न दुसरा हाय. रविनाचा विचार. आमच्या अल्पेशनं ती करायला पायजे होती का, असा विचार."

धर्मेशचा खोकलाच अडकला. "आये! ती मेली!"

"म्हनून तर विचारते."

बुधाजीने पाकळ्या भिजवून दोन्ही खांद्यांना लावल्या आणि प्रश्न पुटपुटला. तिघं बसली. पाकळ्याही बसल्या. घाम गोजरबाईच्या मानेवरून पाठीत उतरला. ऊन जाळीतून आत आलं, टाइल्सवर सरकलं. एकही पाकळी हलली नाही.

"पूर्वी असंच असायचं," बुधाजी म्हणाला. "खोपटात सांज व्हायची कौलाला."

हो, सांज व्हायची. गोजरबाईला स्वतःच्या लग्नाचा कौल आठवला. दार ओढलेलं, दोन्हीकडची माणसं बाहेर चिंचेखाली बसलेली. पाकळ्या सुकून पडेपर्यंत ती माणसं बोलली होती, भांडली होती, परत बोलली होती. तिच्या बापाने तिथेच विचारलं होतं, "पोरी, तुझ्या मनात काय हाय?" देवाचा कौल यायच्या आधी माणसांचा कौल येऊन गेलेला असायचा. आणि आता पंख्याने सगळं चुटकीसरशी व्हायला लागलं, तेव्हा गावाला वाटलं, नवं देऊळ मिळाल्यावर देव तल्लख झाला.

ऊन पायरीवर गेलं तरी दोन्ही पाकळ्या जिथल्या तिथे. बापदेवाने होयही म्हटलं नाही आणि नायही म्हटलं नाही.

"मग आता त्या लोकांना काय कळवू?" धर्मेशने विचारलं. "ते फोनची वाट बघतायत."

"रिद्धीला विचार."

"रिद्धीला?"

"तिला राहायचा हाय तिथं, का देवाला?"

धर्मेशने तिथूनच लेकीला फोन लावला. पलीकडून काय आलं ते ऐकून त्याने फोन छातीशी धरला. "म्हणते, विचार करून सांगते. आणि म्हणते, आजीची तब्येत बरी हाय ना?"

गोजरबाई उठली. पेढ्यांचा पुडा तिथेच राहिला.

टेम्पोत ती अल्पेशच्या शेजारी चढून बसली. धर्मेश मागे चालत येत होता, त्याला तिने हातानेच घरी जा म्हणून खुणावलं. दार लागलं. अल्पेश समोर बघत होता.

"कौल खोटा होता," ती म्हणाली. एवढं जड वाक्य ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. "तुझा कौल. पाकली पंख्यानं पाडली."

तिला वाटलं तो दचकेल. तिने तयारी केली होती, ओरडेल, स्टिअरिंगवर डोकं आपटेल, तिला खाली उतरवेल.

"मना माहीत हाय," अल्पेश म्हणाला.

लांब कुठेतरी बिल्डिंगचं काम चालू होतं, सळ्या पडल्याचा आवाज येत होता.

"काय माहीत हाय?"

"तेव्हाच बघितलं मी. मी पंख्याच्या बाजूलाच बसलो होतो, आजी. पाकली आणि तुझा पदर, दोन्ही एकसाथ हलत होती."

"मग बोलला कनाला नाय, मेल्या!" तिचा आवाज फाटला. "तोंडात काय गोटी होती?"

"बोललो असतो तर तू बोलली असतीस, पोर देवाला खोटं पाडतंय. तमाशा झाला असता. मी म्हटलं, जाऊ दे ना, टेन्शन कशाला. दोघं जाऊन रजिस्टर करून टाकू. मला वाटलंच नाही ती नाही म्हणेल." त्याने अंगठ्याने स्टिअरिंगवरचा डाग घासला. डाग गेला नाही. "मी तिला सगलं सांगितलं, पंख्याचं. तिला काय वाटलं माहितीय? म्हनाली, मंग वारा कोनाचा? तो पन बापदेवाचाच ना. म्हनाली, देवाला मोडून तुझ्याबरोबर आले आनि तुला काय झालं तर? माझ्यासाठी नाय म्हनाली ती, आजी. माझ्या जिवासाठी नाय म्हनाली."

गोजरबाईने काच खाली करायचा प्रयत्न केला, तिला ती फिरवता येईना. अल्पेशने वाकून काच उतरवली आणि परत आपल्या जागी बसला.

"मना काय माहीत होतं रं," ती म्हणाली. "मना ठाऊक असतं तर..."

"तू बघितलंस पंख्याकडे."

"कवा?"

"तेव्हाच. पाकली हलायला लागली. तू पंख्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे. आणि मग पदर तोंडात धरलास आनि परत देवाकडे बघायला लागलीस." त्याच्या आवाजात राग नव्हता. "मी म्हनत नाय तुला कललं होतं. मी फक्त बघितलं ते सांगतो."

गोजरबाईने आठवून बघितलं. पाकळी दिसली, पदराची चव आली, पोटात थंड वाटलेलं तेही आलं. पंखा आठवेना. आपण मान वळवली का? तिला खरंच आठवत नव्हतं, आणि तेच तिला सगळ्यात भयानक वाटलं. गावातल्या प्रत्येक घरात कोण काय करतं ते तिला ठाऊक. आपल्या मनात तेव्हा काय होतं तेवढंच तिला सांगता येईना. सटवीचं नाव जिभेवर आलं आणि तिथेच विरघळलं. सटवीने काय लिहिलं असेल ते असेल. पंख्याची मान फिरवायला सटवी आली नव्हती.

"मी पन गप बसलोच ना," अल्पेश म्हणाला. "तुझं एकटीचं नाय ते."

"तुझा मना माहीत नाय," ती म्हणाली. "माझा मना बघू दे. बारवीकडं घे."

"आता?"

"आताच घे. परत सांजेला माझी हिंमत व्हायची नाय."

येसू खोपटासमोर बसून मोहाची फुलं उन्हात पसरत होती. टेम्पो रस्त्यावर थांबला, गोजरबाई उतरून पायवाटेने खाली आली. तिला बघून येसू उठली नाही. आपल्याला बघून कुणी उठलं नाही, असं गोजरबाईच्या आयुष्यात पहिल्यांदा झालं, आणि तिला ते बोचलंही नाही. ती थेट मातीत बसली.

तिने सगळं सांगितलं. पंखा, खटका, आपली जागा, पदर. मध्ये एकदाही देवाचं नाव पुढे केलं नाही. येसूचे हात फुलांवरून फिरत राहिले, किडकी बाजूला, चांगली पुढे.

"पुजारी डावा म्हनला," येसू शेवटी म्हणाली, "मी हात जोडलं."

"हो."

"पोर पाया पडली माझ्या. भट्टीवर नको धाडू म्हनली, कारखान्यात जाते म्हनली. मी म्हनलं, तिथं तो येतो, देवानं नाय म्हटलंय." येसूने एक फूल उचललं आणि बघत राहिली. "मंग आता यो सगला कोनाला सांगू? पोर तर देवाचा मानून गेली. मी तिला आता काय सांगू, पंखा होता?"

गोजरबाईच्या जिभेने जुन्या सवयीने 'नशीब' हा शब्द पुढे ढकलला, आणि तिने पदराचं टोक दातांत घट्ट धरलं. तोंडातून नुसता श्वास आला. डोंगरावरून वारा उतरला, फुलं किंचित हलली. येसूने दोन्ही हातांनी ती अडवली.

"तुमच्या माझ्यात बोलायचं काय उरलं नाय," येसू म्हणाली. "सरका तिकडं. तुमची सावली पडते मोहावर."

गोजरबाई सरकली. उठली नाही. फुलांवर ऊन परत पडलं. वर रस्त्यावर अल्पेशने बराच वेळ वाट बघितली, मग टेम्पोचं इंजिन बंद केलं.